ताबा घेतला, कुलूप तेच राहिले

नाशिकजवळच्या एका कारखान्यातील टाइम ऑफिसमध्ये, संगणकाशेजारी खिळ्याला अडकवलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात, एक कागद बरीच वर्षे लटकत होता. हजेरीचे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या मुलाने जाताना तो छापून दिला होता. त्यावर पाच पायऱ्या होत्या: संगणक सुरू करा, ब्राउझरमध्ये अमुक पत्ता टाका, तिसऱ्या पायरीला युजरनेम ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’, चौथीला महिना निवडा, पाचवीला प्रिंट काढा. हाच कागद, तिसऱ्या पायरीतील शुद्धलेखनाच्या त्याच चुकीसह, मी आणखी दोन ठिकाणी पाहिला होता. त्यांपैकी एक शाळा होती.

गेल्या वर्षी पोळ्याला तीन दिवस गावी गेलेला एक कामगार त्या तीनही दिवशी हजेरीपटावर हजर दिसत असून त्याला दोन दिवसांचा ओव्हरटाइमही लागला आहे, हे लेखापालांच्या लक्षात आले. त्यांनी मागचे महिने काढून पाहिले तेव्हा अशाच आणखी नऊ नोंदी वेगवेगळ्या कामगारांच्या नावांवर सापडल्या. रक्कम मोठी नव्हती, पण संशय घ्यायला पुरेशी होती, आणि तो कोणावर जाणार हे उघड होते. टाइम ऑफिसमधील कारकून तिथे चौदा वर्षे काम करत होते, हजेरीचा संगणक त्यांच्याच टेबलावर होता आणि हजेरीयंत्रावरचा पंच चुकलेल्या कामगारांच्या वेळा दुरुस्त करणे हे त्यांचे रोजचे काम होते. कारखान्यातील संगणकांची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे मालकांनी मला बोलावले. हजेरीचे सॉफ्टवेअर माझ्या देखभालीत येत नाही, असे सांगून मला हात झटकता आले असते. 

सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणारा तक्ता होता, आणि तो पाहून मला क्षणभर हायसे वाटले. प्रत्येक ओळीत तारीख होती, वेळ होती, पंचची जुनी आणि नवी वेळ होती; आणि ‘कोणी केले’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: ॲडमिन. त्या बारा नोंदींपैकी दोन रात्री पावणेअकराच्या सुमारास झालेल्या होत्या. त्या वेळी कारकून घरी असत, ही गोष्ट त्यांच्या बाजूची होती. पण सॉफ्टवेअरचा तो पत्ता कारखान्याच्या वायफायवरून कोणत्याही मोबाइलवर उघडत होता आणि वायफायचा पासवर्ड तिन्ही पाळ्यांना पाठ होता, ही गोष्ट सगळ्यांच्याच विरुद्ध जाणारी होती. कागद तर भिंतीवरच होता. पगाराची चौकशी करायला आलेला प्रत्येक माणूस त्याच्यासमोर उभा राहून गेला होता.

मी निघालो तेव्हा कारकून मला फाटकापर्यंत सोडायला आले. ते म्हणाले, “सर, त्यात माझ्या नावाचं लॉगिन असतं, तर एक तर मी सापडलो असतो, नाही तर सुटलो असतो. आता दोन्ही नाही.” बदल कोणी केले ते शेवटपर्यंत कळले नाही. मालकांनी प्रकरण वाढवले नाही, कोणाला काढले नाही. पण कारकुनांनी दिवाळीनंतर स्वतःहून काम सोडले.

डीफॉल्ट, म्हणजे बनवणाऱ्याने आधीच घालून दिलेल्या, पासवर्डविषयी बोलताना आपल्या डोळ्यांसमोर नेहमी बाहेरून येणारा चोर असतो. तो खराच आहे आणि त्याच्याकडे मी येणार आहे. पण गेली अठरा वर्षे छोट्या कार्यालयांचे संगणक सांभाळताना मला जे नुकसान अधिक वेळा दिसले, ते या दुसऱ्या प्रकारचे आहे: सगळ्यांचा म्हणून कोणाचाच नसलेला ॲडमिन, आणि त्याच्या नावावर जमा होत गेलेले बरेवाईट सर्व काही. केंद्र सरकारने १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक बदलाची, बंद न करता येणारी नोंद ठेवणे बंधनकारक केले. त्यामागे अनेकांनी धावपळ करून नव्या आवृत्त्या घेतल्या आणि नोंद ठेवली जाऊ लागली. मात्र मालक, लेखापाल, त्यांचे दोन सहायक आणि दर महिन्याला येणारा सीएच्या कार्यालयातील आर्टिकलशिपचा मुलगा असे पाचही जण एकाच लॉगिनने आत शिरत असतील, तर कायद्याला हवी असलेली ती नोंद बदल काय झाला आणि कधी झाला एवढेच सांगते; माणसाबद्दल ती गप्प बसते.

मुळात असा पासवर्ड दिला जातो तो एका साध्या अडचणीतून. नवे सॉफ्टवेअर बसवले की त्यात पहिल्यांदा कोणाला तरी शिरावे लागते, आणि आत शिरल्याशिवाय नवे युजर तयार करता येत नाहीत. म्हणून बनवणारा एक ठरीव जोडी घालून पाठवतो आणि ती माहितीपुस्तिकेत छापतो. पुस्तिका इंटरनेटवर सर्वांसाठी खुली असते. म्हणजे ती जोडी गुपित कधीच नसते. ती वापरायची पहिल्या पाच मिनिटांसाठी असते, आणि त्या पाच मिनिटांची पुढे पंधरा वर्षे होतात.

ती का होतात, याचे उत्तर ‘लोकांना कळत नाही’ असे देण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. हीच माणसे नव्या फ्लॅटचा ताबा घेतल्यावर पहिल्या आठवड्यात दाराचे लॅच बदलून घेतात, कारण बिल्डरच्या सुताराकडे, रंगाऱ्याकडे आणि वॉचमनकडे किल्ल्या फिरलेल्या असतात, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. फ्लॅटला ताबा नावाचा एक ठळक दिवस असतो, किल्ल्या हातात पडतात, सह्या होतात, पेढे वाटले जातात. सॉफ्टवेअरला असा दिवस नसतो. बसवणारा मुलगा संध्याकाळी सहाला ‘झालं, चालू आहे’ म्हणून चलनावर सही घेतो, मालक ‘चालू आहे ना, मग झालं’ म्हणतात, आणि किल्ली बदलण्याचे काम दोघांच्या मधल्या जागेत पडून राहते. मुलाला वाटते की ते गिऱ्हाइकाने करायचे असते. गिऱ्हाइकाला वाटते की पैसे दिले त्यात तेही आले. शिवाय पासवर्ड न बदलण्यात मुलाची सोयही असते. उद्या फोन आला, तर शंभर गिऱ्हाइकांचे शंभर पासवर्ड शोधत बसण्यापेक्षा दुसऱ्याचा संगणक दुरून चालवू देणारे एनीडेस्क जोडून तेच दोन शब्द टाकणे केव्हाही सोपे.

हे मी दुसऱ्याचे दोष काढण्यासाठी लिहीत नाही, कारण मीही नेमके हेच केले आहे. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे असलेल्या तेवीस गिऱ्हाइकांच्या राउटरना मी एकच पासवर्ड ठेवला होता, आणि तो काय होता हे सांगायला आजही लाज वाटते; माझ्या दुकानाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. राउटर बनवणाऱ्याने दिलेला पासवर्ड मी बदलला होता, म्हणून मी स्वतःला सावध समजत असे. प्रत्यक्षात मी माझा स्वतःचा डीफॉल्ट तयार केला होता. माझ्याकडे काम करणारा मुलगा एका वादानंतर सोडून गेला, तेव्हा तेवीस ठिकाणच्या किल्ल्या खिशात घेऊन गेला, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सुचले. त्याने काहीही केले नाही, तो भला मुलगा होता. पण तेवीस ठिकाणी जाऊन ते बदलायला मला दोन आठवडे लागले, आणि प्रत्येक ठिकाणी ‘अचानक कशाला?’ या प्रश्नाला वेगळे उत्तर द्यावे लागले.

देखभालीच्या माणसाची सोय हे या गोष्टीचे मूळ फार जुने आहे. १९८६ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक सांभाळणाऱ्या क्लिफर्ड स्टोल यांना संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत दिसली. तिचा माग काढत ते पश्चिम जर्मनीतील हानोव्हरमध्ये बसलेल्या घुसखोरापर्यंत पोहोचले. तो माणूस अमेरिकी लष्कराशी संबंधित संगणकांचे दरवाजे ठोठावत होता, आणि त्यासाठी त्याने वापरलेल्या जोड्यांमध्ये ‘सिस्टिम’ आणि ‘मॅनेजर’ होती, तशीच ‘फील्ड’ आणि ‘सर्व्हिस’ ही होती. ही दुसरी जोडी संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या फिरत्या दुरुस्ती-अभियंत्यांसाठी ठेवलेली होती. अभियंता कोणत्याही गावी गेला तरी त्याला तीच चालावी, हाच तिचा उद्देश होता, आणि घुसखोरालाही ती त्याच कारणाने चालली. एनीडेस्कवरून येणारा आमचा मुलगा आणि तो अभियंता यांच्यात मला तरी काही फरक दिसत नाही.

नव्वदच्या दशकात संगणक-वर्गात ज्यांनी ओरॅकल हे माहितीसाठ्याचे (डेटाबेसचे) सॉफ्टवेअर शिकले, त्यांना ‘स्कॉट’ आणि ‘टायगर’ ही जोडी आजही झोपेतून उठवले तरी आठवेल. स्कॉट हे ओरॅकलच्या सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी ब्रूस स्कॉट यांचे आडनाव, आणि टायगर हे त्यांच्या घरच्या मांजराचे नाव. ते खाते नमुन्यादाखल होते, त्यामुळे त्याची गंमत वाटते; पण त्याच डेटाबेसच्या सर्वोच्च खात्याला दिलेला पासवर्ड होता ‘चेंज ऑन इन्स्टॉल’, म्हणजे ‘बसवताना बदला’. सूचनाच पासवर्ड म्हणून लिहून दिली होती, आणि कित्येकांनी ती सूचना जशीच्या तशी टाइप करून वर्षानुवर्षे कामकाज चालवले. याहून स्पष्ट शब्दांत सांगणे कोणाला शक्य नव्हते. पुढच्या आवृत्त्यांत ओरॅकलने सांगणे सोडून दिले, नमुन्याची खाती आधीच बंद करून पाठवायला सुरुवात केली आणि मुख्य खात्याचा पासवर्ड बसवतानाच विचारायला सुरुवात केली. माझ्या मते शहाणपणाची वाट तीच आहे.

आता बाहेरच्या चोराकडे येतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाचा प्रोग्राम इंटरनेटवर कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डर आणि राउटर शोधत फिरत होता, आणि सापडलेल्या प्रत्येकावर कारखान्यातून आलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठाहून थोड्या अधिक जोड्या एकामागून एक लावून पाहत होता. त्यात कोणतीही विद्या नव्हती. चाव्यांचा जुडगा घेऊन गल्लीतील प्रत्येक दार चाचपण्यासारखे ते काम होते. अशा रीतीने ताब्यात आलेल्या यंत्रांची फौज २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डायन या कंपनीवर सोडण्यात आली, आणि संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी तिची यंत्रणा कोलमडल्यामुळे अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास अनेकांना उघडता येईनात. या प्रकरणातील माझ्या दृष्टीने सर्वांत वाईट तपशील वेगळाच आहे. त्यांतील काही रेकॉर्डरमध्ये मालकाने वेब-पानावर जाऊन पासवर्ड बदलला, तरी आतला एक वेगळा, यंत्रातच कोरलेला पासवर्ड तसाच चालू राहत होता आणि तो बदलण्याची सोयच दिलेली नव्हती. दक्ष गिऱ्हाईक तिथे कुलूप बदलून निवांत झोपले, आणि मागचे दार बिनकडीचे राहिले.

असेच मागचे दार कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्येही निघाले. कॉन्फ्लुअन्स हे अनेक आयटी कंपन्यांमध्ये कामकाजाची टिपणे ठेवण्यासाठी वापरले जाते. त्याला जोडून मिळणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या एका पूरक ॲपविषयी जुलै २०२२ मध्ये असे उघड झाले की ते बसवताच, माहिती दुसरीकडे हलवण्याच्या सोयीसाठी, एक खाते आपोआप तयार होते आणि त्याचा पासवर्ड सर्वत्र एकच असतो. खात्याचे नाव होते ‘डिसेबल्ड सिस्टिम युजर’, म्हणजे ‘बंद केलेला’. ते चालू होते. आणखी मौज अशी की ते पूरक ॲप काढून टाकले तरी हे खाते मागे उरत होते. ते वेगळे शोधून बंद करावे लागत होते.

आणि २०२५ च्या जूनअखेरीस इयन कॅरोल आणि सॅम करी या दोन संशोधकांनी मॅकडोनाल्ड्सच्या नोकरभरतीसाठी पॅराडॉक्स डॉट एआय या कंपनीने चालवलेल्या प्रणालीच्या लॉगिन-पानावर १२३४५६ हे युजरनेम आणि १२३४५६ हाच पासवर्ड टाकून पाहिला, आणि ते आत गेले. तेथून पुढे आणखी एका दोषामुळे नोंदीचा क्रमांक बदलला की दुसऱ्याच उमेदवाराची माहिती दिसत होती, क्रमांक ६.४ कोटींच्या घरात होते. कळवल्यावर त्याच दिवशी दुरुस्ती झाली. ते खाते चाचणीसाठी काढलेले होते आणि कंपनीच्या सांगण्यानुसार २०१९ पासून कोणी त्यात शिरलेच नव्हते. हा तपशील मी गिऱ्हाइकांना मुद्दाम सांगतो, कारण ‘ते जुने लॉगिन आता कोणी वापरत नाही’ हे वाक्य माझ्यासमोर नेहमी दिलासा म्हणून उच्चारले जाते.

दुसरे नेहमीचे वाक्य म्हणजे ‘आमचा सर्व्हर आत आहे, बाहेरून कोण येणार?’ हे म्हणणाऱ्या मालकांनीच बहुधा कधीतरी घरी बसून हजेरी पाहता यावी म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचा मार्ग, उघडून घेतलेला असतो, आणि उघडणाऱ्याने नंतर तो बंद केलेला नसतो. ते नसले तरी कार्यालयातील एखाद्या संगणकात ईमेलमधून काही शिरले, की ते आतच असते आणि आतून बाकीची दारे ठोठावते. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये चोरण्यासारखे काय असते, असेही विचारले जाते. त्या कारखान्यातील डेटाबेसमध्ये सुमारे ११० माणसांचे पत्ते, मोबाइल, आधार क्रमांक, बँक खाती आणि बोटांच्या ठशांवरून तयार केलेले साचे होते. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा छोट्या मालकांना सांगितला तर ते हसतात, म्हणून मी सांगत नाही.

परदेशांत कायद्याने या प्रश्नाला हात घातला आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून इंटरनेटला जोडणाऱ्या प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पासवर्ड द्यावा लागतो किंवा पहिल्या वापरापूर्वी तो बदलायला लावावा लागतो, आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देण्यास बंदी आहे. हे कायदे उपकरणांसाठी आहेत. पगाराचे, साठ्याचे किंवा रुग्णनोंदीचे सॉफ्टवेअर त्यांच्या कक्षेत सहसा येत नाही. मात्र कायद्याची वाट न पाहता काहींनी सुधारणा केली आहे. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसने ५.७ या आवृत्तीपासून मुख्य खात्याला बसवतानाच एक यादृच्छिक पासवर्ड द्यायला सुरुवात केली आणि तो बदलल्याशिवाय पुढचे काम होऊ दिले नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या प्रणालीतून ‘पाय’ हा ठरलेला युजर २०२२ मध्ये काढून टाकण्यात आला. हे करायला फार मोठी कंपनी लागते असेही नाही. नाशिक-पुण्यात हजेरीचे आणि बिलिंगचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना लॉगिनच्या पानामागे पासवर्ड बदलायला लावणारे एक पान वाढवावे लागेल, एवढेच. ते वाढवत नाहीत, कारण त्या पानामुळे येणारे ‘पासवर्ड विसरलो’ हे फोन त्यांनाच घ्यावे लागतात.

त्या प्रकरणानंतर मी माझ्यापुरता एक ताबा-दिवस ठरवला आहे. सॉफ्टवेअर कोणीही बसवलेले असो, मालकांना खुर्चीत बसवून मुख्य पासवर्ड त्यांच्याच हाताने टाइप करून घेतो आणि त्या वेळी खिडकीकडे पाहतो. तो कागदावर लिहून पाकिटात घालतात, पाकिटाच्या चिकटवलेल्या जागेवर सही होते, आणि ते तिजोरीत जाते. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांसारखे हे सगळे चालते, असे एक मालक म्हणाले, आणि ते बरोबर आहे. रोजच्या कामासाठी प्रत्येकाच्या नावाचे वेगळे लॉगिन असते. सर्वांत उपयोगी पडलेली सवय मात्र याहून क्षुल्लक आहे: निघण्यापूर्वी मी जुना पासवर्ड पुन्हा टाकून पाहतो, आणि तो नाकारला गेला तरच दप्तर उचलतो. जुना बॅकअप चढवला की त्याच्याबरोबर जुने पासवर्डही परत येतात, हजेरीचे यंत्र रीसेट केले की ते कारखान्यातून आले तसे होते, आणि एकदा तर सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने मीच काढून टाकलेला ॲडमिन पुन्हा उभा केला होता.

त्या कारखान्यात टाइम ऑफिसला आता एक तरुण मुलगी आहे. तिचे लॉगिन तिच्या नावाचे आहे. भिंतीवरचा तो कागद काढायला मी हात घातला तेव्हा तिने थांबवले, कारण त्याच्या मागच्या बाजूला जुन्या कारकुनांनी सुबक अक्षरात तिन्ही पाळ्यांच्या भोंग्याच्या वेळा आणि वर्षाच्या सुट्ट्या लिहिल्या होत्या. पुढच्या बाजूवरची तिसरी पायरी तिने मार्करने गिरवून काळी केली आणि कागद उलटा करून त्याच पाकिटात घातला.

महिन्याभराने सॉफ्टवेअरच्या व्हेंडरचा मुलगा अपडेटसाठी आला, त्याने सवयीने तेच दोन शब्द टाकले आणि मला फोन लावला. “सर, पासवर्ड बदलला का कोणी? आता आम्ही सपोर्ट कसा द्यायचा?” मी त्याला मालकांची वाट पाहायला सांगितले. मालक शॉप फ्लोअरवर प्रेसपाशी होते, तिथे फोन ऐकू येत नाही. त्या महिन्याच्या बिलात व्हेंडरने चाळीस मिनिटे थांबल्याचे साडेतीनशे रुपये लावले, आणि ते कशाचे, हे मालकांना समजावून सांगण्यात माझी एक संध्याकाळ गेली.